हनीफभाईंची डावी बाजू

माणसाची जीभ एक वेळ खरं बोलेल, पण त्याचं पोट कधी खरं बोलत नाही, असं हनीफभाई टेलर म्हणायचे. गिऱ्हाईक माप द्यायला उभं राहिलं की त्याची छाती आपोआप पुढे येते, पोट पाठीला चिकटतं आणि श्वास घशात अडकतो. त्या मापाची पँट शिवली तर ती पुढे आयुष्यभर श्वास रोखूनच घालावी लागते. म्हणून हनीफभाई टेप कमरेभोवती नुसता सैल धरून ठेवायचे आणि एक विनोद सांगायचे. विनोद जुनाच असायचा, बहुतेक वेळा सासऱ्याने आंदण दिलेल्या म्हशीचा. गिऱ्हाईक हसलं, श्वास सुटला आणि पोट आपल्या मूळ गावी परत आलं की हे टेप आवळायचे. "घ्या, हे खरं माप. आता खुशाल जेवा."

मी नोकरीसाठी देऊळगाव राजात आले, ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवायला, तेव्हा आम्हाला घर मिळालं ते नेमकं त्यांच्या दुकानासमोर, बालाजीच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर. पहिल्याच आठवड्यात माझ्या नवऱ्याने त्यांच्याकडे पँट टाकली आणि कंबर चौतीस सांगितली. म्हशीचा विनोद झाला आणि कंबर छत्तीसवर गेली. एवढ्या चारचौघांत खोटं पडल्यावर दुसरा माणूस रागावला असता. आमचे हे मात्र तिथेच स्टुलावर बसले, चहा प्यायले आणि पुढची सगळी वर्षं रोज संध्याकाळी तिथेच बसत राहिले.

हनीफभाई उंच, शिडशिडीत, मेंदीने लाल केलेली दाढी आणि कानामागे खडू. कापड कापताना त्यांचे ओठ कात्रीबरोबर उघडमीट करायचे. कात्री थांबली की तोंड थांबायचं. मी एकदा हे त्यांना सांगितलं तर म्हणाले, "मॅडम, कात्री एकटी थोडीच कापते? दोघं मिळून कापतो." गावाचे सगळे सण त्यांच्या मशीनवरून जात. जूनमध्ये शाळांचे गणवेश, यात्रेच्या आधी नवे सदरे, चौदा एप्रिलच्या आधी तर दुकान पांढऱ्या कापडाने असं भरून जायचं की हनीफभाई शोधावे लागत.

अशाच एका जूनमध्ये प्रज्ञा वानखेडे त्यांच्याकडे पहिल्या गणवेशासाठी आली. आमच्या मागच्या गल्लीतली मुलगी. वडील वीज मंडळात लाइनमन, आई अंगणवाडीत. हनीफभाईंनी तिच्या स्कर्टला आतून चांगली हातभर दुमड ठेवली. पुढे दर जूनला ती यायची, हनीफभाई एक घडी उसवायचे, इस्त्री फिरवायचे आणि म्हणायचे, "पोरगी वाढून राह्यली तं कापडानं बी वाढलं पाह्यजे." ती बारावीला माझ्या वर्गात होती. प्रश्न विचारून विचारून जीव खायची. पुढे शिकत शिकत बंगलोरला एका संशोधन संस्थेत गेली, तेव्हा हनीफभाईंनी तिला प्रयोगशाळेत घालायचा पांढरा अ‍ॅप्रन शिवून दिला. त्यालाही खाली दुमड ठेवलेली. मी म्हटलं, "अहो, आता कुठे तिची उंची वाढायची आहे?" तर म्हणाले, "तुम्हाले काय मालूम?"

पण हनीफभाईंची खरी ख्याती शिवणाची नव्हतीच. ती होती ईदच्या मिठीची. सगळे लोक ईदला गळाभेट घेतात. हनीफभाई माणूस उचलायचे. एकदा या खांद्याला, एकदा त्या खांद्याला, परत पहिल्या खांद्याला, आणि प्रत्येक वेळी पाठीवर अशी थाप, की आतलं खोकल्याचं दुखणं असेल तर सुटावं. ईदगाहवरून ते घरी येईपर्यंत अर्ध्या गावाच्या बरगड्या मोजून व्हायच्या. मग घरी लोक यायचे, त्यात सगळ्या जातीधर्मांचे, कारण पँटला जात नसते. आमचे हे शीरखुर्मा खाऊन परत यायचे ते सदऱ्याला अत्तराचा वास आणि चेहऱ्यावर चुरगळल्याचं समाधान घेऊन. या माणसाला दुसऱ्याला मिठीत घेण्याचं व्यसन होतं असं म्हटलं तरी चालेल.

आणि नेमक्या याच माणसाला नागीण झाली.

नागीण म्हणजे लहानपणी येऊन गेलेल्या कांजिण्यांचाच विषाणू. तो वर्षानुवर्षं नसेच्या मुळाशी झोपून राहतो आणि उतारवयात एक दिवस उठून त्या नसेच्या वाटेने कातडीवर येतो. पाठीपासून पोटाकडे फोडांचा पट्टा उठतो आणि आग आग होते. हे मी वर्गात शिकवते. गल्लीचं शास्त्र मात्र वेगळं आहे. नागिणीचं तोंड आणि शेपूट कमरेभोवती एकमेकांना भेटलं की माणूस खलास, आणि त्यावर उपाय म्हणजे कुंभाराच्या हातचा गेरू. हनीफभाईंच्या डाव्या बरगडीखाली पट्टा उठला तसे ते कुंभाराकडे गेले आणि तांबडी पाठ घेऊन परत आले. वर त्यांनी आपल्या धंद्याची भर घातली. रोज सकाळी आरशासमोर उभं राहून ते टेपने नागीण मोजायला लागले.

"आज अर्धा इंच सरकली," ते मला दारातून ओरडून सांगायचे. "बेंबीकडं चालली. पण मॅडम, चाल धीमी हाये. या हिशेबानं गाठ पडायले यात्रा उजाडते."

मी कपाळाला हात लावला. "हनीफभाई, ती एकाच बाजूला राहते. तिचं तोंड शेपटीला कधीच लागत नाही. तुम्ही आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे जा."

"लागत नाही हे तुम्हाले पुस्तकानं सांगितलं. माह्याजवळ टेप हाये."

जुबेदाचाची, म्हणजे त्यांच्या पत्नी, माझ्या बाजूच्या होत्या. पण टेपपुढे आमचं दोघींचं काही चाललं नाही. शेवटी नागीण बेंबीपाशी येऊन थांबली, शास्त्राप्रमाणे थांबायचीच होती. हनीफभाईंनी विजयोत्सव केला. "हारली बे हारली!" असं आमच्या यांना मिठी मारून सांगितलं, उजव्या बाजूने. मग ते जालन्याच्या डॉक्टरकडे गेले ते औषध आणायला नव्हे, विजयाची बातमी द्यायला. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं, की या आजारावरचं औषध पहिल्या दोन-तीन दिवसांतच घ्यायचं असतं. आता फोड वाळतील, पण नस दुखावली असेल तर दुखणं मागे राहू शकतं.

राहिलं. फोड वाळले, गेरू धुतला गेला आणि दुखणं घरजावयासारखं मुक्काम ठोकून बसलं. हे दुखणंही विचित्र. मूठ घट्ट दाबली तर एक वेळ चालायचं, पण मलमलीचा सदरा नुसता हलला की निखारा ठेवल्यासारखं व्हायचं. पंख्याचा वारा सोसत नसे. गावभर कपडे शिवणाऱ्या माणसाला स्वतःच्या अंगावर कापड सहन होईना, आता याला काय म्हणायचं?

हनीफभाईंनी त्यावर जे केलं ते दुसरं कोणी केलं नसतं. त्यांनी मोडक्या छत्रीच्या काड्या काढल्या, त्या वाकवल्या, त्यांची एक जाळी बांधली आणि ती टिचबटणांनी सदऱ्याच्या आत डाव्या बाजूला लावली. त्यामुळे सदरा अंगापासून चार बोटं दूर राहायचा. धुवायच्या वेळी टिचबटणं काढली की जाळी बाजूला. डाव्या अंगाला हा फुगा घेऊन ते बाजारात निघाले, तेव्हा पहिल्या दिवशी लोकांनी विचारलं, "हनीफभाई, काखेत कोंबडी लपवली का?" त्यांनी शांतपणे उत्तर दिलं, "अंड्यावर बसली हाये. धक्का देऊ नका." तिसऱ्या दिवशी कोणी विचारेना. गावाला कशाचीही सवय होते.

डॉक्टरांनी नसेच्या दुखण्याच्या गोळ्या दिल्या. त्यांनी थोडं बरं वाटायचं, पण डोक्यात गुंगी यायची. त्या गुंगीत त्यांनी आमच्या मुख्याध्यापकांच्या सफारीला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या. मुख्याध्यापक ते घालून आरशासमोर उभे राहिले आणि त्यांचा उजवा हात मागे कोणाला तरी बोलावतोय असं दिसायला लागलं. हनीफभाईंनी कपडा परत घेतला, उसवला, आणि खजील होऊन मला म्हणाले, "मॅडम, डावी बाजू डोक्यात बसली हाये. जिकडं पाहतो तिकडं डावीच."

हसू आलं तरी मला त्या दिवशी वाईट वाटलं. कारण मी त्याच्या आधीची ईद पाहिली होती. ईदगाहच्या बाहेर ते नुसता उजवा हात पुढे करून उभे होते. लोकांना सांगितलेलं होतं, पण सणाच्या दिवशी कोणाच्या लक्षात राहतं? कोणीतरी प्रेमाने येऊन बिलगलं आणि हनीफभाई गुडघ्यांवर बसले. त्यानंतर घरी जुबेदाचाची दारात पहारा देत उभ्या राहिल्या. येईल त्याला सांगायच्या, "हाथ मिलाओ भाई, गले मत मिलो." लोक हात मिळवायचे, शीरखुर्मा खायचे, जायचे. हनीफभाई आत पाहुण्यासारखे बसून होते.

संध्याकाळी मला म्हणाले, "शीरखुर्मा तं कोणीबी खाते, मॅडम. माही ईद गेली. मले दुसरं काही नको. मरायच्या आधी एक ईद दोन्ही बाजूनं पाह्यजे." ते मागणं त्यांनी कोणापुढे केलं होतं कोण जाणे. ते ऐकलं मात्र मी.

पुढच्या सुट्टीत प्रज्ञा गावी आली. मी तिला सहज विचारलं, की तू नेमकं काय करतेस. तर ती म्हणाली, "मॅडम, नसेच्या दुखण्यावर जीन थेरपी." मी तिचा हात धरला आणि रस्ता ओलांडून सरळ दुकानामागच्या हनीफभाईंच्या घरात नेऊन बसवलं. जुबेदाचाची चहा टाकत होत्या.

"चाचा," प्रज्ञा म्हणाली, "दुखणं म्हंजे निरोप असते. नस तो मेंदूकडं नेते. तुमची नस जखमी झाली ना, ती आता काही झालं नाही तरी निरोप धाडून राह्यली."

"चुगलखोर झाली म्हण."

"हाव. आता आपल्या शरीराले दुखणं मारणारा एक पदार्थ स्वतःच बनवता येते. तो कसा बनवायचा याचा नमुना म्हंजे जीन. आम्ही तो नमुना त्या नसेच्या मुळाशी नेऊन ठेवायचा बेत करून राह्यलो. मंग नस तिथल्या तिथं औषध तयार करत बसते. गोळी खायचं काम नाही, गुंगी नाही."

हनीफभाईंचे ओठ कात्री नसताना हलायला लागले. "कारागीर घरातच बसवायचा. अकलेचं काम हाये. पण एवढ्या आत नमुना नेऊन देते कोण?"

प्रज्ञाने कप खाली ठेवला. मला उत्तर माहीत होतं आणि मी चहाच्या कपात बघत बसले. "विषाणू," ती म्हणाली. "नागिणीच्याच कुळातला. सख्खा नाही, चुलत भाऊ."

"तौबा!" जुबेदाचाचींच्या हातातलं गाळणं खाली पडलं.

हनीफभाई मात्र इतके हसले की त्यांना डावी बाजू धरायचीही सोय नव्हती, म्हणून त्यांनी उजवी धरली. "चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या!"

"किल्ल्या त्याच्यापाशी हायेतच ना, चाचा. कातडीतून नसेच्या मुळापर्यंत कसं जायचं, हे त्याच्याइतकं कोणाले येत नाही. त्याचे दात काढायचे, त्याच्या थैलीत आपला नमुना टाकायचा अन् धाडायचा."

"पोस्टमन केला त्याले." हे त्यांना फार आवडलं. मग एकदम आवाज उतरवून त्यांनी विचारलं, "मले कवा?"

या ठिकाणी मी माझ्या विद्यार्थिनीला मनातल्या मनात पैकीच्या पैकी गुण दिले, कारण ती खोटं बोलली नाही. "आमचं उंदरांवर चालू हाये. बाहेरच्या देशांत माणसांवर थोडंफार करून पाह्यलं लोकांनी, पण औषध म्हणून हाती येईल असं काही नाही. वर्षं लागतील, चाचा. लई वर्षं लागतील."

"उंदराच्या जागी मले घे. मी शेंगदाणे बी कमी खातो."

"तसं नाही चालत, चाचा."

"मंग उंदीर तुले सांगते कसा, का माहं दुखणं गेलं म्हणून?"

तिने सांगितलं, की उंदराला जाळीवर ठेवतात आणि खालून त्याच्या पायाला केसासारखा बारीक तंतू लावतात. मग थोडा जाड, मग आणखी जाड. दुखलं की उंदीर पाय ओढून घेतो. ओढला नाही तर समजायचं, दुखणं उतरलं. "उंदीर खोटं बोलत नाही, चाचा. म्हणून तं त्याच्यावर भरवसा ठेवता येते."

हे हनीफभाईंच्या मनात जे बसलं ते बसलंच. माप घेताना श्वास रोखून न धरणारं गिऱ्हाईक त्यांना जन्मात पहिल्यांदा भेटलं होतं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी स्वतःची चाचणी सुरू केली. दाढीचा एक केस, दात घासायच्या ब्रशची एक काडी, केरसुणीची एक काडी, आणि कॉलरमध्ये घालायची प्लास्टिकची पट्टी. शुक्रवारी नमाजहून आले की ते डोळे मिटून बसायचे आणि जुबेदाचाची एकेक वस्तू त्यांच्या डाव्या बाजूला लावायच्या. गल्लीतून जाणाऱ्याला आतून भांडण ऐकू यायचं.

"वढलं नाही मी अंग!"

"खींचा! मैंने देखा!"

एकदा ते असे ओरडले की मी धावत गेले. जुबेदाचाची हातात केरसुणीची काडी घेऊन वीतभर लांब उभ्या होत्या आणि पदराने हसू दाबत होत्या. "अजी, मैंने तो छुआ ही नहीं!" हनीफभाईंनी डोळे उघडून पाहिलं, ओशाळले आणि म्हणाले, "पाह्यलं मॅडम? आता मी बी चुगली करायले लागलो."

फोन आला की लोक ख्यालीखुशाली विचारतात. प्रज्ञाचा फोन आला की हनीफभाई विचारायचे, "उंदीर कसे हायेत?" आणि एके दिवशी ती फोनवर म्हणाली, की चांगले आहेत, बहुतेकांनी पाय ओढणं सोडलंय. पुढे ती बरंच काही म्हणाली. अजून घाई नको, थोडे दिवस पाहावं लागेल, वगैरे. ते ऐकायला हनीफभाई फोनजवळ होतेच कुठे? ते हलवायाकडे पोचले होते. सगळ्या गल्लीत जिलेबी वाटली. लोक विचारत, "कशाची हो?" तर म्हणत, "बंगलोरले उंदीर बरे झाले." गल्लीचं त्या दिवशी मत पडलं, की गोळ्या डोक्यात गेल्या. जिलेबी मात्र सगळ्यांनी खाल्ली.

ईद जवळ आली होती. हनीफभाई मला म्हणाले, "या ईदले नाही होत, मले कळते. पण पुढच्या, नाहीतर त्याच्या पुढच्या." माणूस एकदा आशेला लागला की त्याचा चेहराच बदलतो. त्यांनी त्या महिन्यात दाढीला दोनदा मेंदी लावली.

ईदच्या आदल्या दिवशी प्रज्ञा गावी आली आणि माझ्याकडे येऊन भिंतीला टेकून बसली. तोंड उतरलेलं. उंदरांनी परत पाय ओढायला सुरुवात केली होती. काही आठवडे सगळं छान चाललं आणि मग एकेक करून सगळे मूळपदावर आले. "नमुना आहे तिथेच आहे, मॅडम," ती म्हणाली. "पण पेशींनी तो वाचणंच बंद केलं. मी सोडतेय हे सगळं. बी.एड. करते आणि इथेच शिकवते." बी.एड. करणं म्हणजे काय बुडणं आहे का, असं मी विचारणार होते, पण वेळ ती नव्हती. "आणि चाचांना तोंड कसं दाखवू? त्यांनी जिलेबी वाटली हो."

दुसऱ्या दिवशी ती हनीफभाईंकडे गेलीच नाही. दुपारी जुबेदाचाचींनी मला दारातून विचारलं, "प्रज्ञा आई है ना? दिखी नहीं." मग मात्र मी मागच्या गल्लीत गेले आणि तिला घेऊन आले. शिक्षकाला विद्यार्थ्याचा कान धरायचा अधिकार वयाने संपत नाही, असं माझं मत आहे.

हनीफभाई नवा पांढरा सदरा घालून बसले होते. डाव्या बाजूला छत्रीचा फुगा होताच. प्रज्ञा उंबऱ्यावरच थांबली. ईद मुबारक राहिलंच, तिने सरळ सांगून टाकलं, "चाचा, उंदीर परत पाय वढून राह्यले."

हनीफभाईंनी वाटी खाली ठेवली. चेहऱ्यावरून काहीतरी सरकलं, ते मी पाहिलं. हे ऐकताना त्यांना दुखलं आणि ते बरगडीत नव्हतं.

"सगळे?"

"सगळे."

"मेला का एखादा?"

"नाही."

"मंग रडून काऊन राह्यली? पहिल्या झटक्यात कोणतं कापड अंगाले बसते? उसवायचं अन् परत शिवायचं."

"मी तुम्हाले आशा लावली."

"तू तं वर्षं लागतील म्हणली होती. जिलेबी मी वाटली." ते उठून उभे राहिले. "अन् सोडायचं-बिडायचं डोक्यात असन तं काढून टाक. तुह्या अ‍ॅप्रनची दुमड अजून आत हाये. ती उसवल्याशिवाय काम सोडायचं नाही."

त्यांना कोणी सांगितलं होतं की ही सोडणार आहे? कोणीच नाही. पण पोरगी त्यांनी पहिलीपासून मापलेली होती. ती तोंडावर हात घेऊन उंबऱ्यातच रडायला लागली. तेव्हा हनीफभाईंनी सदऱ्यात हात घातला. टिच, टिच, टिच, बटणं निघाली. त्यांनी छत्रीची जाळी बाहेर काढली आणि टेबलावर शीरखुर्म्याच्या पातेल्याशेजारी ठेवली. सदरा अंगावर पडला तसे त्यांचे डोळे बारीक झाले.

"अजी!" जुबेदाचाची ओरडल्या.

हनीफभाईंनी दोन्ही हात पसरले. "ये."

"नको चाचा, डावी बाजू..."

"ये म्हणतो ना. ईद हाये."

ती गेली. त्यांनी तिला एकदा उजव्या बाजूला घेतलं, एकदा डाव्या बाजूला घेतलं, आणि तिसऱ्यांदा उजवीकडे न नेता तिथेच, डावीकडेच, धरून ठेवलं. पाठीवर थापही मारली, पूर्वीसारखी. तिच्या डोक्यावरून ते माझ्याकडे बघत म्हणाले, "पाह्य मॅडम. उंदरानं पाय वढला नाही."

त्यांचा आवाज मला जरा दाबलेला वाटला. मला कळायच्या आत ते प्रज्ञाला कळलं. तिचं डोकं त्यांच्या छातीशीच होतं. रडता रडता ती म्हणाली, "चाचा, तुम्ही श्वास रोखून माप देऊन राह्यले."

हनीफभाई काही बोलले नाहीत. बोलायला श्वास सोडावा लागला असता.

"म्हशीची गोष्ट सांगू का?" प्रज्ञा म्हणाली.

झालं. त्यांना हसू फुटलं, श्वास सुटला, आणि त्याच्याबरोबर "या अल्लाह!" अशी आरोळी निघाली, ती बालाजीच्या देवळापर्यंत ऐकू गेली असेल. डोळ्यांतून घळाघळा पाणी. ते हसत होते की कळवळत होते हे शेवटपर्यंत समजलं नाही, बहुधा दोन्ही. पण हात सुटले नाहीत. जुबेदाचाची एकीकडे रागावत होत्या आणि एकीकडे डोळे पुसत होत्या. मीही रडले. का रडू नये?

प्रज्ञा बंगलोरला परत गेली ती अजून तिथेच आहे. आता दुसऱ्या पोस्टमनच्या शोधात आहे, आणि तिचे उंदीर कधी पाय ओढतात, कधी ओढत नाहीत. मी त्यानंतर महिन्याभरात निवृत्त होऊन मुलीकडे नाशिकला आले, आणि हनीफभाई झोपेतच गेल्याचा फोन मला इथेच आला. त्या औषधाची वाट अजून बरीच लांब आहे. ते त्यांच्यापर्यंत पोचणार नव्हतं, हे त्यांना आमच्याआधी कळलं होतं असं मला वाटतं.

त्यामुळे माझ्या डोळ्यांसमोर राहिलेले हनीफभाई हे त्या ईदच्या दुसऱ्या दिवशीचे. सकाळी मी दुकानावरून जात होते. ते मशीनपाशी बसले होते, छत्रीची जाळी परत आपल्या जागी आणि डावा हात उशीवर अलगद ठेवलेला. चेहरा ओढलेला होता. मी पायरीवर थांबून विचारलं, "फार दुखतंय का?"

"रातभर नागीण फिरून राह्यली," ते म्हणाले. "जुबेदा बोलत नाही माह्यासंग."

"मग कशाला केलंत हो असं?"

त्यांनी कात्री उचलली. जूनचं कापड पुढ्यात पडलं होतं, कोणा पोरीचा पहिला गणवेश. कात्रीबरोबर त्यांचे ओठ उघडमीट करायला लागले. कापड तुटलं. मग मान वर करून असे हसले, की मला उगाचच वाटलं, हा माणूस बरा झाला.

"दुखणं तं तसंबी होतंच, मॅडम. पण ईद झाली ना. दोन्ही बाजूनं झाली."